टाकीचे चौदा दिवस

पाणी वजनाने जड असते, ही गोष्ट डोक्यावरून हंडा वाहिलेल्या बाईस सांगावी लागत नाही. नुसती तोटी फिरवून पाणी घेणाऱ्यास मात्र ती क्वचितच सुचते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेव्हा गावच्या वेशीवर पंचाहत्तर हजार लिटरांची जी टाकी उभी दिसते, ती भरली म्हणजे तिच्या पोटात पंचाहत्तर टन ओझे असते. आणि तेही भुईवर नव्हे, तर चाळीस फूट उंचीवर, सहा-आठ खांबांच्या माथ्यावर. टाकीच्या काँक्रीटचे वजन त्याहून निराळे. आमच्या ख्रिस्तमंदिराचा मनोराही उंच आहे व जड आहे. परंतु तो एकदा बसला तो बसला, त्याचे वजन सकाळी एक व सायंकाळी दुसरे असे होत नाही. टाकी मात्र रोज भरते व रोज रिकामी होते. वर्षानुवर्षे तिचे खांब हे ओझे उचलीत असतात व उतरवीत असतात, आणि खालून ये-जा करणारा कोणी मान वर करून पाहातही नाही.

ही माहिती आम्हांस पुस्तकातून मिळालेली नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. तुळईत लोखंडाच्या सळया खालच्या अंगाने का घालतात, हे मात्र तेथे कोणी शिकविले नव्हते. ते आम्ही शिकलो गेल्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतर, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, तिरल्यास.

तिरला हे नाव मराठी वाचकास अगदीच परके नसावे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठ्यांनी माळव्यातील मोगली सत्तेशी जी झुंज दिली, तीतील एक लढाई जुन्या इतिहासग्रंथांत तिरल्याची लढाई म्हणून सांगितलेली आढळते. तिच्या सालाविषयी इतिहासकारांत एकमत नाही, आणि त्या वादात आम्हांस पडावयाचे नाही. पुढे धारला पवारांचे संस्थान झाले व १९४८ पर्यंत ते टिकले. त्यामुळे धार शहरात मराठी बोलणारी घरे आजही आहेत. तिरला धारपासून जवळच आहे. आसपासची वस्ती बहुतांशी भिल्ल बांधवांची. माळव्याचे पठार येथे संपत येते आणि विंध्याची कड निमाडाकडे उतरू लागते.

तेथे आमचे एक मावसबंधू राहतात. वयाने ते आम्हांस वडिलांच्या जागी आहेत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. चारचौघांत ते आम्हांस ‘फादर’ म्हणून हाक मारतात व घरी आल्यावर लगेच ‘अरे तू’वर येतात. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या कामांवर अभियंता म्हणून त्यांचे सारे आयुष्य गेले. टाक्या, पंपघरे, नद्यांच्या पात्रातील विहिरी, लहान बंधारे, सर्व त्यांनी उभे केले. आता निवृत्त झाले आहेत. परंतु आजूबाजूच्या एखाद्या गावाची टाकी होऊ लागली की गावकरी त्यांना बोलावतात आणि ते काठी टेकीत जातात. आम्ही विश्रांतीसाठी म्हणून तीन आठवड्यांच्या रजेवर गेलो होतो. प्रत्यक्षात ते तीन आठवडे आम्ही एका टाकीखाली घालविले, असे म्हटले तरी चालेल.

टाकी होती तिरल्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावची. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जी जलजीवन योजना घोषित झाली, तिच्यात खेड्यातील घराघरांत नळाने, माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी द्यावयाचे ठरले. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या गावीही त्याच योजनेतील टाक्या झाल्या असतील किंवा होत असतील. पंचाहत्तर हजारांस पंचावन्नांनी भागून पाहावे. साधारण साडेतेराशे माणसांच्या एका दिवसाचे पाणी एका टाकीत मावते.

दादांनी आम्हांस पहिल्या दिवशी टाकी दाखविली नाही; माती दाखविली. माळव्याची काळी माती कापसागव्हाला जितकी उत्तम, तितकी बांधकामास वाईट. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून फाटते. एप्रिलच्या शेवटी त्या शेतांतून अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत हातातली काठी सहज वीतभर उतरावी. अशा जमिनीवर पाया ठेवला, तर पावसाळ्यात एक खांब उचलला जातो, उन्हाळ्यात दुसरा खचतो, आणि चाळीस फुटांवरची टाकी इंचभर जरी कलली, तरी आतले पाणी कललेल्या बाजूकडे आणखी भार घालते. म्हणून काळी माती पूर्ण खणून काढून पाया खालच्या मुरमावर बसवावयाचा, हा तेथला नियम. खोदाई वाढते, खर्च वाढतो, आणि शेवटी ते सर्व मातीखाली गाडले जाते. उद्घाटनास येणाऱ्या पाहुण्यास त्यातले काहीच दिसत नाही. या गावी पाया मुरमापर्यंत गेला होता. दादांनी खड्डा बुजविण्यापूर्वी स्वतः खाली उतरून पाहिले होते, व आपले गुडघे त्यानंतर आठ दिवस दुखत होते, हेही त्यांनी आम्हांस सांगितले.

मग खांब. खांबांत उभ्या सळया असतात हे सर्वांनाच माहीत असते. परंतु त्या सळयांना वेढणाऱ्या ज्या रिंगा असतात त्यांकडे कोणाचे लक्ष नसते. खांब व आडव्या तुळया जेथे मिळतात, तेथे या रिंगा जवळजवळ घालाव्या लागतात. कारण भूकंपाच्या हिसक्यात खांब तेथेच फुटू पाहतो. दादा म्हणाले, नर्मदेच्या खोऱ्यास भूकंप परका नाही. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप त्यांच्या नोकरीच्या काळातला. आमच्या वाचकांस ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवत असेल. टाकी म्हणजे काठीच्या टोकावर ठेवलेला दगड. भुई हलली की सर्वांत जास्त तीच झोके घेते.

धार शहरात किंवा तालुक्याच्या गावी ज्या मोठ्या टाक्या दिसतात, त्यांचे तळ सपाट नसून मध्ये घुमटासारखे वर उचललेले व कडेने नरसाळ्यासारखे असतात. ही युक्ती ओट्टो इंट्झे नावाच्या जर्मन प्राध्यापकाची. एकोणिसाव्या शतकात आखेन येथे तो शिकवीत असे. घुमट भाराखाली कडेवर बाहेर रेटतो, नरसाळे त्याच कडेवर आत रेटते. दोघांचा रेटा एकमेकांस खाऊन टाकतो आणि खांबांवर केवळ सरळ खाली जाणारे ओझे उरते. दोन भांडखोर शेजारी एकाच भिंतीला दोन्हीकडून टेकले, तर भिंत उभी राहते, तसे काहीसे. आमच्या गावची टाकी लहान असल्याने साध्या सपाट तळाची होती, म्हणून या विषयाचा अधिक विस्तार करीत नाही.

आता मुख्य गोष्ट. पाणी धरून ठेवणाऱ्या काँक्रीटविषयी भारतीय मानक संस्थेचा एक नियमग्रंथ आहे, क्रमांक ३३७०. तो पहिल्याने १९६५ साली निघाला, पुढे त्यात सुधारणा झाल्या. त्यात उंच टाकीची परीक्षा सांगितली आहे. टाकी काठोकाठ भरावी. सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यावे. मग पुढचे सात दिवस तिच्या बाहेरच्या अंगाकडे पाहात राहावे. त्या सात दिवसांत बाहेरून ओल दिसली नाही, अंग कोरडे राहिले, तर टाकी उत्तीर्ण. या परीक्षेला कसलेही यंत्र लागत नाही. डोळे लागतात आणि चौदा दिवस लागतात.

हे चौदा दिवसच कोणाजवळ नव्हते.

टाकीचे काँक्रीट पुरेसे पक्व झाले होते, नळ घरोघर बसले होते, आणि उद्घाटनाचा दिवस कोणीतरी ठरवूनही टाकला होता. कोणी ठरविला ते सांगण्याचे कारण नाही. असे दिवस सर्वत्र ठरतात. फलक छापून आले होते. ठेकेदाराच्या मुकादमाचे म्हणणे असे की, “भरा आणि चालू करा, ओल आलीच तर मागाहून पाहू.” दादा म्हणाले, “मागाहून कोणी पाहात नाही.” तेव्हा महुआच्या झाडाखाली गावची बैठक बसली, आणि आम्हीही पाहुणे म्हणून एका कडेला बसलो.

त्या बैठकीत एका वयस्क गृहस्थाने कारमची आठवण काढली. धार जिल्ह्यात कारम म्हटले की फार सांगावे लागत नाही; वाचकांसाठी मात्र सांगितले पाहिजे. २०२२ साली याच जिल्ह्याच्या धरमपुरी तहसिलीत, कोठिदा गावाजवळ, कारम नदीवर मातीचे नवे धरण बांधले जात होते. काम सुमारे ३०४ कोटी रुपयांचे. ते पुरे होण्यापूर्वीच पावसाळ्याचे पाणी त्यात साठले, आणि ११ ऑगस्ट रोजी भिंतीतून पाणी झिरपत असल्याचे दिसून आले. मातीच्या धरणातून थोडे नितळ पाणी झिरपणे हे नेहमीचेच. भय असते ते गढूळ पाण्याचे. पाणी गढूळ येते त्या अर्थी ते आतली माती बरोबर घेऊन येत आहे, वाट मोठी होत आहे, आणि वाट मोठी झाली की पाणी आणखी जोराने येते. खालच्या अठरा गावांतील लोकांना घरेदारे सोडून बाहेर काढावे लागले. लष्कर बोलाविले गेले. शेवटी यंत्रे लावून कडेने चर खोदला व १४ ऑगस्टला पाण्याला त्या वाटेने सोडून दिले. मनुष्यहानी झाली नाही, ही देवाची कृपा. तो गृहस्थ म्हणाला की, त्याची मुलगी त्याच बाजूस दिलेली आहे, आणि त्या तीन रात्री तो झोपला नव्हता.

बैठक बरीच दादांच्या बाजूस झुकली असे आम्हांस वाटले. इतक्यात मागे बसलेली एक म्हातारी उठली. ती आपल्या बोलीत जे म्हणाली, त्याचा अर्थ दादांनी आम्हांस मागाहून सांगितला. पण तिचा आवाज ऐकूनच बैठक गप्प झाली होती. ती म्हणाली, “चौदा दिवस तुम्ही मोजणार. आम्हाला हंडे मोजावे लागतात.”

त्या गावास एक हातपंप होता, ज्याला आपण हापसा म्हणतो. वैशाखात त्याचे पाणी खोल गेले होते. एक हंडा भरण्यास पाचसहाशे वेळा दांडा मारावा लागे, असे बायकांचे म्हणणे. आम्ही एकदा स्वतः मोजण्याचा यत्न केला आणि दोनशेच्या पुढे आमचा श्वास राहिला नाही. हापशापासून शेवटचे घर पाव कोसावर. घरटी किमान पाच खेपा. चौदा दिवस म्हणजे त्या शेवटच्या घरच्या बाईस आणखी सत्तर खेपा, आणि तेही डोळ्यांसमोर नळ बसलेला असताना. आम्ही मनाशी हा हिशेब केला आणि खरे सांगावयाचे तर, कोणाच्या बाजूने हात वर करावा हे आम्हांस कळेना. पाहुणे होतो म्हणून सुटलो.

रात्री अंगणात खाटा टाकल्यावर दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुला पानशेत ठाऊक आहे ना?”

१२ जुलै १९६१ रोजी दादा चार वर्षांचे होते व त्यांचे कुटुंब पुण्यात होते. त्यांना स्वतःला काही आठवत नाही. मावशीने, म्हणजे त्यांच्या आईने, जे जन्मभर सांगितले तेच त्यांचे स्मरण. पानशेतचे धरण त्या साली अपुरेच होते. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचे काम पुरे झाले नव्हते, आणि त्या मोरीच्या कमानीत लोखंडाच्या सळया घातलेल्या नव्हत्या. तरी त्या पावसाळ्यात धरण भरू दिले गेले. मोरीवरचा भराव खचू लागला, धरणाचा माथा खाली बसला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून पाण्याला अडवून धरले. त्यांनी मिळविलेल्या त्या काही तासांमुळे रात्रीचा अनर्थ दिवसावर आला आणि कित्येक जीव वाचले. सकाळी धरण गेले. त्याच्या लोंढ्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

हे सर्व आम्ही पूर्वी वाचले होते. परंतु दादांना सांगावयाचे होते ते याच्या पुढचे. पुणे शहराचे पिण्याचे पाणी खडकवासल्याहूनच येत असे. त्यामुळे पूर ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या त्या शहरात प्यावयास पाणी नव्हते. जुने आड उपसले गेले. नानासाहेब पेशव्यांच्या वेळी कात्रजच्या तलावापासून भुयारी दगडी नळाने जे पाणी शहरातील हौदांत आणले होते, ते हौद लोकांनी पुन्हा धरले. दादांची आई रोज बादल्या घेऊन रांगेत उभी राहिली. “अभियंत्यांची चूक झाली की चौकशी होते, अहवाल लिहिले जातात,” दादा म्हणाले, “आणि पाणी आईच आणते. चूक होऊ नये म्हणून आम्ही थांबायचे म्हटले, तरी पाणी आईच आणते. त्या म्हातारीचे खोटे कुठे आहे?”

आम्हांस वाटते, दादांच्या साऱ्या विद्येपेक्षा हे एक वाक्य मोठे आहे. काम नीट होण्यासाठी थांबणे आवश्यक असते, हे सर्वच शहाणे सांगतात. त्या थांबण्याची किंमत कोणाच्या डोक्यावरून जाते, हे विचारणारे थोडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टाकीच्या पायथ्याशी गेले. कूपनलिकेतून पंपाने चढणारे पाणी एका मोठ्या नळाने सरळ टाकीत जात असे. त्या नळाला पायथ्याशीच एक फाटा काढावयाचा, त्यावर एक व्हॉल्व्ह बसवावयाचा, पुढे साठ फूट पाइप टाकून त्याला चार तोट्या लावावयाच्या, एवढी त्यांची योजना. टाकी भरून परीक्षेस बसलेली असतानाही पंप सकाळी एक तास व सायंकाळी एक तास सुरू करून पाणी थेट तोट्यांना देता येईल. पाणी तेच, कूपनलिका तीच. फक्त मध्ये टाकी नाही. पंप सुरू करण्याआधी तोट्या उघडून ठेवावयाच्या, नाहीतर नळावर दाब येतो, एवढी खबरदारी हवी. मुकादमाने प्रथम कुरकुर केली की नकाशात हा फाटा नाही. दादा म्हणाले, “नकाशात ती म्हातारीही नाही.” पाइपचे तुकडे कामावर उरलेलेच होते. व्हॉल्व्हसाठी गावाने वर्गणी केली, तीत आमचेही थोडे आले. दीड दिवसात काम झाले. फलक गुंडाळून शाळेच्या कपाटात ठेवले गेले, आणि उद्घाटनाचा दिवस ज्यांनी ठरविला होता त्यांनीही समजूतदारपणे तो पुढे नेला.

टाकी दोन रात्रींत भरली. पहिले सात दिवस करण्यासारखे काही नव्हते, म्हणून एके दिवशी आम्ही मांडूस जाऊन आलो. मांडूचा किल्ला एका प्रचंड पठारावर आहे व त्यावर नदी नाही. तेथील सुलतानांची राजधानी पावसाच्या पाण्यावरच जगली. मुंज व कापूर या दोन तलावांच्या मधोमध जहाजमहाल उभा आहे. पर्यटक त्याचे प्रतिबिंब पाहातात. दादा आम्हांस गच्चीवर घेऊन गेले व दगडात कोरलेली पाण्याची पन्हळ दाखविली. ती सरळ न जाता गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी घेत हौदाकडे जाते. सरळ गेलेले पाणी आपल्याबरोबर गाळ घेऊन जाते. वेटोळ्यात त्याची धाव मंदावते आणि जड कण मागे राहातात. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांनी पाण्याला थोडे थांबावयास लावले होते. शोभाही झाली, हे ओघाने आले.

आठव्या दिवसापासून खरी पाहणी. दादा सकाळी ऊन चढण्यापूर्वी टाकीभोवती शिडीवरून फिरत व तळ आणि भिंत जेथे मिळतात त्या सांध्याकडे पाहात. त्यांच्या खिशात शाळेतला खडू असे. कोठे ओलसर डाग दिसला की त्याभोवती ते खडूने रेघ ओढीत व तारीख घालीत. ओल दिसली म्हणजे टाकी बाद, असे लगेच समजू नये, असे ते म्हणाले. काँक्रीटमधील चुन्याचा अंश पाण्याबरोबर येतो आणि केसासारखी भेग कधी कधी आपली आपणच बुजते. डाग खडूच्या रेघेच्या आत सुकत गेला, तर चिंता नाही. रेघ ओलांडली, तर मात्र टाकी रिकामी करावयाची. कारण ते पाणी एक दिवस सळईपर्यंत पोहोचते. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि काँक्रीटला आतून फोडतो. ज्या टाक्यांच्या अंगाचे पोपडे सुटून तांबड्या सळया उघड्या पडलेल्या दिसतात, त्या टाक्यांची कहाणी अशाच एखाद्या न पुसलेल्या ओलीपासून सुरू झालेली असते.

तीन डाग निघाले. दोन सुकले. तिसरा बाराव्या दिवशी रेघेबाहेर गेला. तो दादांच्या आधी पाहिला शेळ्या राखणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलीने. टाकीच्या सावलीत शेळ्या बसत, आणि तिच्या हातावर थेंब पडला. गावात धावत येऊन तिने सांगितले. येथे आम्हांस आपल्या कोकणातील तिवरे आठवले. चिपळूण तालुक्यातील ते धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले व खालची भेंदवाडी वाहून गेली. धरण गळते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. ओल पहिल्याने दिसते ती तिच्याखाली राहणाऱ्याला. पुढे ती कोणाच्या कानापर्यंत जाते, एवढाच प्रश्न असतो.

दादांनी मुकादमास बोलावून त्या जागी बोट ठेवले. मुकादमाने आठवून सांगितले की, त्या भागाचे काँक्रीट ओतताना मिक्सर बंद पडला होता व काही तासांचा खंड पडला होता. अर्धवट घट्ट झालेल्या थरावर नवा थर पडला, की दोघांची मिठी बसत नाही. त्याने हे लपविले नाही, याबद्दल आम्हांस त्याचे कौतुक वाटले. टाकीतील पाणी एकदम न सोडता नाल्याच्या बाजूस खणलेल्या डबक्यात सोडले. दोन दिवस गुरे तेथे पाणी प्याली. मग आतून त्या सांध्यावर खाच पाडून ती साफ केली, न आकसणाऱ्या मसाल्याने भरली, आणि बारीक भोकांतून सिमेंटचे पातळ द्रावण दाबाने आत घातले. ते पक्व होईपर्यंत थांबणे आले, आणि त्यानंतर पुन्हा सात आणि सात असे चौदा दिवस. या वेळी बैठक बसली नाही. चार तोट्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी येत होते.

आमची रजा संपली म्हणून आम्ही परतलो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दादांचा फोन आला. दुसऱ्या परीक्षेत टाकी कोरडी राहिली. आतून धुऊन, ब्लीचिंग पावडरचे पाणी फिरवून ती सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी पाऊसही आला. ठेकेदाराची माणसे तात्पुरता फाटा काढावयास आली, तेव्हा बायकांनी काढू दिला नाही. तोट्यांपैकी दोन आता गुरांच्या हौदावर आहेत, आणि दोन तशाच ठेवल्या आहेत, टाकी धुवावयाच्या दिवसासाठी.

आपल्या गावच्या नव्या टाकीच्या भिंतीचे काँक्रीट गेल्या आठवड्यात ओतून झाले, हे वाचकांनी पाहिलेच आहे. त्यावर गोणपाट टाकून रोज तीन वेळा पाणी मारले जात आहे. ते मारणाऱ्या दोन्ही मुलांस जाता-येता थोडे उत्तेजन द्यावे. आम्ही कंत्राटदारास भेटून विचारले. फाटा नकाशात नाही, असे तेही म्हणाले. ऐंशी फूट पाइप, एक व्हॉल्व्ह व चार तोट्या एवढे सामान लागेल. त्याचा अंदाज तालुक्याच्या दुकानातून मागविला आहे. पाणीपुरवठा समितीची बैठक येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर शाळेच्या पटांगणात आहे. हापशावर पाणी भरणाऱ्या भगिनींनी अवश्य यावे, आणि घरच्या पुरुषांनी त्या दिवशीचा स्वयंपाक सांभाळावा.